दाणा नसलेली जागा

१

फिल्मच्या कारखान्यात अंधारखात्यात ज्यांनी जन्म काढला, ती माणसं अमेरिकेतल्या रॉचेस्टरमध्ये चटकन ओळखू यायची. भर दुपारी, लख्ख उन्हात, दुकानाच्या कोपऱ्यावर वळताना ती हळूच शीळ घालायची.

ओरेस्ते कार्दिल्लो त्यातलाच. जिथे फिल्मवर चांदीचा ओला लेप चढायचा त्या खात्यात दिवा लावणं म्हणजे खून करण्यासारखं. काळ्याकुट्ट बोळांतून माणसं गाड्या ढकलत झपझप चालायची आणि एकमेकांवर आदळायची नाहीत, कारण नियम साधा होता. वळण आलं की शीळ घाला. समोरून शीळ आली की उजव्या भिंतीला लागा आणि येणाऱ्याला वाट द्या. हा नियम डोक्यात नाही, पायांत बसायचा. ओरेस्ते निवृत्त झाला, तळघरात स्वतःची डार्करूम थाटली, उजेड शिरू नये म्हणून दाराऐवजी वाकडा बोळ बांधला, तर त्या बोळातही शीळ चालूच. बायको होती तोवर वरून ओरडायची, "कुणाला वाट देतोयस रे बाबा? उंदरांना?"

बायको गेली. शीळ राहिली.

त्या रविवारी चर्चमधली मासची प्रार्थना आटोपून त्याची धाकटी बहीण मेना जेवायला आली. तळलेल्या मिरच्या आणि पाव तसाच बाजूला सारून तिने पर्समधून एक रुमाल काढला आणि टेबलावर सोडला. आत फिल्मचं एक रीळ होतं.

"पोलिसांनी कॅमेरा परत दिला. फोटोच्या दुकानात नेला, त्या माणसाने रीळ गुंडाळून काढून दिलं. धुवायला मात्र दिलं नाही मी त्याला," ती म्हणाली. "यात आहे तो."

तो म्हणजे रेनो, तिचा एकुलता एक मुलगा. ओरेस्तेनेच त्याला अंधारखात्यात चिकटवला होता. फेब्रुवारीत सुट्टीच्या दिवशी तो गोठलेल्या खाडीवर मासे धरायला आणि फोटो काढायला गेला. नाताळ उलटला की इथले लोक आपापली नाताळची झाडं बर्फात रोवून ठेवतात. त्या झाडांच्या रांगेतून चाललं की पायाखाली बर्फ जाड. लहान पोरालाही माहीत असतं ते. दुपारी वाऱ्याने बर्फाची भुकटी अशी उधळली की हाताला हात दिसेना, आणि ती खाली बसली तेव्हा रांगेत रेनोचा कॅमेरा तिपाईवर उभा होता, रेनो नव्हता. एप्रिलमध्ये बर्फ वितळल्यावर तो सापडला. रांगेच्या उजवीकडे, बराच लांब.

"त्यांनी शवपेटी उघडूच दिली नाही मला," मेना म्हणाली. "मी आई आहे, ओरेस्ते. मला चेहरा बघू दिला नाही."

"मेना, त्यांनी तुझ्या भल्यासाठीच..."

"भलं राहू दे त्यांच्यापाशी. मला एवढंच बघायचंय, तो घाबरला होता का. मग मी कुणाला काही विचारणार नाही."

ओरेस्तेने रीळ हातात घेतलं. हे रीळ बाजारातलं नव्हतंच. कारखान्यात नवी, अतिशय बारीक दाण्याची फिल्म तयार होत होती आणि खात्यातल्या पोरांना ती चाचणीसाठी घरी मिळायची. डब्यावर ना नाव, ना सूचना.

"धुवायला कुठला डेव्हलपर घालायचा, ते कुणालाच ठाऊक नाही अजून," तो म्हणाला. "चुकला तर परत करता येत नाही."

"मग चुकू नकोस," मेना म्हणाली. "आणि मला मोठा फोटो हवाय. भिंतीएवढा."

२

डेव्हलपर निवडणं हे काम बाहेरून बघणाऱ्याला हास्यास्पद वाटतं. तीन बाटल्या, तिन्हींत पाणी. पण ज्याने आयुष्य यात घालवलं त्याला विचारा. फोटो म्हणजे चांदीचे दाणे. ते दाणे कसे उमलतात हे त्या पाण्यावर असतं. एक असतो रोजचा, सगळ्यांना चालणारा. एक असतो तिखट. त्यात दाणा रव्यासारखा टचटचीत उठतो, कडा धारदार येतात, पण फोटो मोठा केला की चेहऱ्याची वाळू होते. आणि एक असतो मऊ. तो दाण्याच्या कडाच खाऊन टाकतो, सगळं मैद्यासारखं करून सोडतो. मऊ डेव्हलपरमध्ये धुतलेली बारीक दाण्याची फिल्म कितीही मोठी करा, फुटत नाही.

"मऊच घाल की," शेजारचा वेंडेल म्हणाला. वेंडेल कारखान्याच्या प्रयोगशाळेत रसायनं मोजत म्हातारा झाला होता. "बहिणीला मोठा फोटो हवा ना? मग घोडं अडलं कुठे?"

"रीळ दोन महिने थंडीत आणि पोलिसांच्या कपाटात पडलंय. मऊ डेव्हलपर आधीच फिक्या असलेल्या फिल्मचा जीव घेतो. चेहरा आलाच नाही तर?"

"मग तिखट घाल."

"आणि पोराच्या तोंडाची वाळू करून आईच्या हातात देऊ?"

"धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय," वेंडेल हसला. "तुकडे कर मग. सुरुवातीचे फोटो बाहेरच्या टोकाला असतात. थोडे काप, बघ, मग ठरव. शेवटचे मात्र राखून ठेव. चेहरा असला तर त्यांत असेल."

खरं तर हे ओरेस्तेलाही माहीत होतं. त्याला फक्त कुणीतरी ते म्हणायला हवं होतं. कात्री रेनोच्या फोटोंवर चालवायची होती ना.

३

पहिला तुकडा रोजच्या डेव्हलपरमध्ये. फोटो पक्का करणाऱ्या हायपोतून काढून धुतला, वाळवला आणि उजेडाच्या पेटीवर ठेवला तेव्हा ओरेस्तेचा ऊर भरून आला. पोराने हात स्थिर धरून काढले होते फोटो. खाडी, झाडांची रांग, माशांसाठी पाडलेलं भोक. एका फोटोत रेनो स्वतः, तिपाईवर ठरावीक वेळाने आपोआप फोटो टिपणारा कॅमेरा लावून पळत जाऊन उभा राहिलेला, दूर, टोपीत नाक खुपसून. "गाढवा," ओरेस्ते मोठ्याने म्हणाला आणि डोळे पुसले.

मग त्याने भिंग लावलं. रांगेच्या अगदी टोकाला, शेवटच्या झाडापाशी, काहीतरी चुकलेलं होतं.

डाग म्हणावा तर डाग नव्हता. रंग आजूबाजूच्या बर्फासारखाच, राखाडी. पण बर्फाला दाणा होता, आकाशाला होता, झाडांना होता, आणि नखाच्या टोकाएवढ्या त्या उभट जागेत दाणाच नव्हता. ओल्या गिलाव्यावरून कुणी बोट फिरवावं तशी ती जागा गुळगुळीत. ओरेस्तेने वेंडेलला हाक मारली.

"हवेचा बुडबुडा," वेंडेल बघायच्या आधीच म्हणाला. "धुताना फिल्मची टाकी आपटून बुडबुडे सोडवले नसशील. म्हातारा झालास."

"बुडबुड्याखाली डेव्हलपर पोचत नाही. तिथे फिल्म काचेसारखी कोरी दिसते. हे राखाडी आहे."

वेंडेलने भिंगाला डोळा लावला. बराच वेळ लावून ठेवला.

"दाण्याशिवाय राखाडी होत नसतं," तो शेवटी म्हणाला. "कशाचं होणार? चांदीशिवाय फोटोत काही नसतंच मुळी."

"तेच म्हणतोय मी."

"लेपातला दोष असेल. नवी फिल्म आहे. होतं असं," वेंडेल म्हणाला, आणि कॉफी न घेताच घरी गेला.

लेपातला दोष. ओरेस्तेला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा. लेपात दोष येतात, त्याने स्वतः हजारदा पाहिले होते. पण लेपातला दोष लांबच लांब पट्टा होऊन येतो किंवा ठिपक्यांचा सडा होऊन येतो. तो नेमका वाटेवर उभा राहत नाही. मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

४

दुसरा तुकडा त्याने मुद्दाम तिखट डेव्हलपरमध्ये घातला. मेनासाठी नव्हे, स्वतःसाठी. कुठे दाणा लपला असेल तर तिखटात उठल्याशिवाय राहणार नाही.

सगळीकडे उठला. आकाशाची वाळू झाली. झाडं काट्यांसारखी उभी राहिली. या फोटोंत वारा सुटलेला, बर्फ उधळलेला, रांग अर्धीमुर्धी पुसलेली. आणि त्या सगळ्या वाळूत ती गुळगुळीत जागा तशीच गुळगुळीत, फक्त आता शेवटच्या झाडापाशी नव्हती. रांगेच्या मध्यावर होती. माणसाच्या उंचीची होती.

पुढच्या फोटोत रेनो नव्हताच. रिकामी वाट आणि पावलं. ती रांगेतून सरळ येत होती आणि एका ठिकाणी, कारण नसताना, उजवीकडे वळली होती. घाईत वळलेली नव्हती. पळणाऱ्याची पावलं लांब पडतात. ही जवळजवळ, सावकाश, एकेक पाऊल बाजूला सरकलेली.

ही चाल ओरेस्तेला ओळखीची होती. हाताला हात दिसेनासा झाला तेव्हा पोराने तेच केलं असणार जे रोज कामावर करायचा. शीळ घातली असणार. आणि समोरून उत्तर आल्याशिवाय अंधारखात्यातला माणूस वाट सोडत नाही.

"मूर्खा, बर्फावर कोण रे उत्तर देणार?" तो स्वतःवरच खेकसला. वारा. वारा शीळ घालतो, शेंबड्या पोरालाही माहीत आहे. वाऱ्यालाच माणूस समजला बिचारा. ही गोष्ट मेनाला सांगायची नाही, असं ठरवून त्याने तुकडा दोरीवर लटकवला, उरलेली फिल्म अंधाराच्या डब्यात बंद करून टेबलावर ठेवली आणि वर जायला निघाला. सकाळचे अकरा वाजत असतील. बोळाच्या वळणावर सवयीने त्याने शीळ घातली.

समोरून शीळ आली.

तो उजव्या भिंतीला लागला. विचार न करता, पाठ भिंतीला, पोट आत, दोन्ही हात छातीशी. समोरून जो कोण आला त्याला वाट दिली. गार हवेचा एक पट्टा त्याच्या तोंडावरून गेला आणि आत, डार्करूमकडे, निघून गेला.

मग त्याला आठवलं की घरात कोणी नाही.

तो तळघराच्या पायऱ्या कशा चढला, त्याचं त्याला माहीत. वर सगळं जागच्या जागी. मागच्या दाराला आतून कडी. नळ बंद. पाणी तापवायच्या टाकीतून वाफ सुटली की ती शिटी मारते, हे त्याला आठवलं, आणि त्याने त्या आठवणीचा हात घट्ट धरला. टाकीच. दुसरं काय? ती दोन महिन्यांपूर्वी बदलली होती आणि नवी टाकी अगदी मुकी होती, हेही आठवलं. ते त्याने बाजूला ठेवलं.

फोन वाजला. मेना.

"झालं का रे?"

"होतंय."

"चेहरा आहे?"

"अजून तिथवर पोचलो नाही."

"ओरेस्ते," ती म्हणाली, "मला झोप लागत नाही. डोळे मिटले की तो दिसतो, पण तोंडच नसतं त्याला. कसलं का असेना, तोंड दे मला त्याचं."

फिल्म खाली होती, अंधारात. आणि खाली जाणं भाग होतं.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बोळातून गेला तेव्हा ओठ दातांखाली धरून गेला. शीळ घातली नाही. मऊ डेव्हलपर त्याने आदल्या दिवशीच कालवून ठेवला होता.

लोकांना तो सांगायचा की बहिणीला मोठा फोटो हवा होता म्हणून मऊ निवडला. ते खरंही होतं. पण पुरतं खरं नव्हतं. रोजच्या आणि तिखट डेव्हलपरमध्ये ती जागा वेगळी दिसत होती, कारण आजूबाजूला दाणा होता. मऊ डेव्हलपर सगळाच दाणा खाऊन टाकेल. सगळंच गुळगुळीत झालं की त्यातली एक गुळगुळीत जागा कशी ओळखणार? मेनाला चेहरा मिळेल आणि ओरेस्तेला ते परत बघावं लागणार नाही. म्हातारा माणूस भ्यायला होता, एवढंच. वेळ मात्र त्याने वाढवून दिला, चेहरा फिका पडू नये म्हणून.

मिट्ट अंधारात तो टाकी हलवत राहिला. उजवीकडे नळ, समोर टेबल, डावीकडे मोकळी जागा. काही झालं नाही. कुणी हात लावला नाही, कुणी श्वास सोडला नाही. फक्त डावीकडच्या मोकळ्या जागेत आपण पाऊल टाकू नये, असं त्याला सारखं वाटत होतं, रांगेत आपल्या मागे कुणी उभं असलं की वाटतं तसं.

फिल्म उत्तम निघाली. इतकी सुंदर नेगेटिव्ह त्याने आयुष्यात धुतली नव्हती. शेवटच्या फोटोत रेनोचा चेहरा होता, जवळून, कॅमेऱ्यापासून दोन हातांवर. ओरेस्तेने भिंग लावलं नाही. सरळ मेनाला फोन केला.

ती चर्चचे कपडे घालून आली. तळघरातल्या तांबड्या दिव्यात ती ट्रेपाशी उभी राहिली आणि कोऱ्या कागदावर मुलगा उमटताना बघू लागली. आधी टोपी. मग भुवया. मग सगळाच आला, पापण्यांवरच्या बर्फासकट.

"आई गं," मेना म्हणाली. मग तिचे खांदे खाली आले. "घाबरला नव्हता. बघ, बघ ना ओरेस्ते. हसतोय!"

हसत होता खरा. कॅमेऱ्याकडे बघून नव्हे. शेजारी, डावीकडे बघून. ओठ मिटलेले, गाल किंचित वर, मान जराशी लवलेली. ओरेस्तेने ते हसू कधी पाहिलं नव्हतं, आणि तरी त्याला ते पाठ होतं. अंधाऱ्या बोळात भिंतीला लागून येणाऱ्याला वाट देताना माणूस असंच हसतो. 'या, जा पुढे' असं. कुणाला दिसत नाही, तरी हसतो. त्या दिवशी बोळात त्याचे स्वतःचे गालही असेच वर गेले होते, हे त्याला आत्ता कळलं.

"कुणीतरी होतं त्याच्याबरोबर," मेना म्हणाली. तिच्या आवाजात कितीतरी दिवसांनी जीव आला होता. "बरं झालं, बाई. एकटा नव्हता माझा बाळ. कोण आहे रे हे, कडेला?"

फोटोच्या डाव्या कडेला काहीतरी होतं. आता ती नुसती गुळगुळीत जागा नव्हती. रव्यात मैद्याचा ठिपका म्हणजे ठिपकाच. पण सगळाच मैदा झाल्यावर त्याला उतार आले होते, वळणं आली होती. खांदा म्हणता येईल असं काही होतं.

"कुणी नाही. झाडाची सावली."

"सावलीकडे बघून हसेल होय? मोठा कर. मला बघायचंय कोण ते. त्याच्या शेवटच्या वेळी जो होता, त्याचे आभार मानायचेत मला."

"यापुढे फुटेल तो, मेना. दाण्याची वाळू होईल."

"मला शिकवू नकोस. मी याच गावात वाढलेय. मऊ घातलास ना? तो फुटत नाही."

फुटत नव्हताच. ओरेस्तेने फोटो मोठा करायच्या यंत्राचं, एन्लार्जरचं, डोकं पार वर चढवलं आणि उजेड कागदाच्या पाटीवर पडला. त्याने भिंग ठेवलं, डोळा लावला, दोन्ही हातांनी चाक फिरवायला लागला. एरवी फोकस धरायचा तो दाण्यावर. इथे धरायला काहीच नव्हतं. नुसतं दूध. चाक इकडे, चाक तिकडे, आणि मग त्या दुधात एकदम कडा आली.

त्याने काय पाहिलं ते त्याने कुणालाच नीट सांगितलं नाही. वेंडेलने खोदून खोदून विचारलं तेव्हा एवढंच म्हणाला, की ते रेनोकडे बघतच नव्हतं. त्याची रेनोकडे पाठ होती. पोराने वाट दिली होती आणि ते त्याला ओलांडून पुढे निघालं होतं, कॅमेऱ्याच्या दिशेने. इकडे.

"अरे, ढकलतोस काय?" मेना डावीकडून म्हणाली. "सरकते ना, सांग की तोंडाने."

ओरेस्तेचे दोन्ही हात चाकावर होते.

"मेना, हलू नकोस!" तो ओरडला. "जागा देऊ नकोस. कुणालाही जागा देऊ नकोस!"

पण तिची पावलं वाजली, सावकाश, एकेक, त्याच्या पाठीमागून उजवीकडे. त्याने दिव्याचं बटण दाबलं. पांढऱ्या उजेडात सगळे कागद एका क्षणात वाया गेले. मेना उजव्या भिंतीला पाठ लावून उभी होती, दोन्ही हात छातीशी धरून. तिचे ओठ मिटलेले होते, गाल किंचित वर, मान जराशी लवलेली. ओरेस्तेने तिला नावाने हाक मारली, खांदे धरून हलवलं, परत परत हाक मारली. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. तिच्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे बघून ती तशीच हसत राहिली.